गुडघ्याचं गाऱ्हाणं

माझी सून बर्फावर पळायला जाणार होती आणि त्याची तयारी कतारच्या वाळवंटात करत होती. घरात कोणालाच यात काही विचित्र वाटत नव्हतं, म्हणून मीही गप्प बसलो. तसाही मी गप्पच होतो. बायको गेल्यावर मुलगा मला गावाहून इकडे घेऊन आला. दोह्यात फरीज बिन ओमरानला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दिवसभर खिडकीशी बसायचं आणि खालच्या दुकानातून कोण काय नेतो ते बघायचं. दुसरं काम नव्हतं.

दोहा मला नवं नाही. तरुणपणी मी इथेच रंगारी होतो. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पात राहायचो, पहाटे कंपनीची बस न्यायची, दिवसभर दुसऱ्याच्या भिंती रंगवायच्या. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी येतं ते रंगाच्या डब्यावरचं: थिनर, प्रायमर, फर्स्ट कोट, फिनिश. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्या 'फिनिश'ने घोळ घातला.

सून नागपूरची. मुशैरिबला ऑफिसात जाते. काम काय करते ते तिने मला तीनदा सांगितलं आणि मला तीनदा कळलं नाही. एका संध्याकाळी तिने एक लांबडा खोका आणला. आत दोन पट्ट्या, माझ्या हाताएवढ्या लांब. प्रत्येकीला पुढे एक चाक, मागे एक चाक.

"हे काय गो?"

"रोलर स्की, बाबा. बर्फावर घसरायच्या पट्ट्या असतात ना, त्यांची ही बिनबर्फाची बहीण."

"ब्रेक कुठाय?"

"ब्रेक नसतो."

"मग थांबायचं कसं?"

"तेच तर शिकायचं आहे जी."

मी मागचं चाक फिरवून बघितलं. पुढे गरगर फिरलं, मागे फिरेना. म्हटलं, बिघडलेला माल दिला तुला. ती म्हणाली तसंच असतं, चढावर मागे घसरू नये म्हणून. म्हणजे पुढे जायचं, थांबायचं नाही, मागे यायचं नाही. असली वस्तू माणसं दुकानातून विकत आणतात.

मुलगा साइटवर कामाला, भल्या पहाटे निघतो. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही तिच्याबरोबर जात जा. कुठे पडली-बिडली तर कोणीतरी हवं." जबाबदारीचं काम आलं म्हटल्यावर मी उठून दाढी केली. बऱ्याच दिवसांनी.

शहराबाहेर सायकलवाल्यांसाठी बांधलेला एक मोठा रस्ता आहे, तिथे जायचं. ऊन तापायच्या आत सगळं उरकायचं. ऑगस्टातली इथली पहाट म्हणजे शिजत्या भातावरचं झाकण काढून त्यात तोंड घातल्यासारखी. मी घडीची खुर्ची टाकून बसायचो. जवळ पाण्याच्या बाटल्या आणि मीठ-साखर घातलेलं कोकम. सून डोक्याला हेल्मेट, कोपरांना टोपड्या, गुडघ्यांना टोपड्या, हातात खांद्याएवढ्या दोन काठ्या, टोकाला खिळे. एवढा साज चढवून ती उभी राहायची आणि बसायची. पहिल्या दिवशी ती चालली त्याहून जास्त बसली.

आता फिनिशचं. पहिल्याच दिवशी गाडीत ती म्हणाली होती, "बाबा, आमचे शिकवणारे सर फार चांगले आहेत. ते फिनिश आहेत."

आमच्या कॅम्पात 'अमका फिनिश' याचा अर्थ एकच. कंपनीने व्हिसा रद्द केला, खलास, बॅग भर आणि घरी जा. मला वाईट वाटलं. बघतो तर माणूस पन्नाशीचा, ताडासारखा उंच, केस पिकलेले. नोकरी गेलेली असताना पहाटे उठून चार लोकांना फुकट शिकवतो म्हणजे मन केवढं मोठं. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. म्हटलं, "नो प्रॉब्लेम. ऊपरवाला है."

तो म्हणाला, "थँक यू."

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्यासाठी डबा नेऊ लागलो. आंबोळ्या, चटणी, कधी घावणे. तो उभ्या उभ्या सगळं संपवायचा, बोटं चाटायचा. मी मनात म्हणायचो, भुकेलाय बिचारा. बाकीचे शिकाऊ चार जण होते, सगळे वेगवेगळ्या देशांचे, त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही. त्यांच्या नोकऱ्या चालू होत्या.

असे कितीतरी दिवस गेले. एकदा न राहवून सुनेला म्हटलं, "त्यांना विचार गो, दुसरीकडे कुठे काम बघतायत की नाही? माझ्या ओळखीचा एक फोरमन आहे अजून."

सगळी भानगड कळल्यावर ती रस्त्यावरच बसली. या वेळी हसून. "बाबा, फिनलंडचा माणूस तो फिनिश. त्यांची नोकरी पक्की आहे. माझ्या साहेबाचे साहेब आहेत ते."

तिने ते त्यालाही सांगितलं. तो गंभीर माणूस, फारसा हसत नाही. त्याने मान हलवली आणि काहीतरी बोलला. सुनेने मराठीत सांगितलं, "म्हणतात, हे गृहस्थ माझ्याकडे रोज असं मयतीला आल्यासारखं का बघतात ते आज समजलं. पण आंबोळ्या बंद करू नका."

मी बंद केल्या नाहीत. त्या दिवसापासून मी त्याला गुरुजी म्हणू लागलो आणि तो मला बाबा. तोही तसा म्हाताराच, पण म्हणू दे.

सप्टेंबरपर्यंत सून सपाट रस्त्यावर बरी पळू लागली. अडचण उतरणीची. त्या रस्त्यावर एक जागा अशी आहे की वरून मोटारींचा हमरस्ता जातो आणि सायकलींचा रस्ता त्याच्या खालून. म्हणजे खाली उतरायचं, पुलाखालून जायचं आणि पलीकडे चढायचं. अख्ख्या कतारात तेवढीच काय ती उतरण असावी. तिथे आली की सून थिजायची. आमची शेळी ओढ्यावरच्या साकवावर नेली की चारी पाय रोवून उभी राहायची, तशी. गुरुजी खालून ओरडायचे, "नीज! नीज!" मला वाटलं झोपायला सांगतायत. सून म्हणाली, गुडघे. गुडघे सैल सोडून वाकव म्हणतात. हिचे गुडघे खांबासारखे ताठ. अर्ध्या उतरणीवर ती धपकन बसायची आणि बुडावर घसरत खाली यायची. चाकं वर.

एक दिवस गुरुजींनी स्पष्ट सांगून टाकलं. त्यांच्या देशात हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून आणि जंगलातून लांबची शर्यत असते. त्यासाठीच हा सगळा खटाटोप. तिथे अशा उतरणी घराच्या पायऱ्यांसारख्या एकामागोमाग असतात आणि मागून माणसं येत असतात. तेव्हा दिवाळीच्या आत ही उतरण एकदा, फक्त एकदा, उभ्याने उतरलीस तर तुला नेतो. नाहीतर नाही.

त्या दिवशी गाडीत बसताना तिने काठ्या मागच्या सीटवर फेकल्या. मी म्हटलं, "नाही गेलीस तर काय बिघडलं? बर्फच बघायचाय तर फ्रीज उघड."

"बाबा, तुम्हाला सांगू का? मला सायकल येत नाही."

"मग?"

"माझ्या वडिलांनी शिकू दिली नाही. पोरगी पडेल म्हणून. झाडावर चढू दिलं नाही, पडेल म्हणून. लग्न झालं तर तुमचा मुलगा जिना उतरताना हात धरतो. मला आजपर्यंत कुणी पडूच दिलं नाही जी. इथे मी रोज पडते. मला ती शर्यत पुरी करायची आहे. शेवटी आली तरी चालेल, पण पुरी करायची."

"तरीच. माझ्या लेकाने तेवढ्यासाठीच मला तुझ्याबरोबर धाडलं. पडशील म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला असं सांगितलं? मला तर म्हणाला, बाबांना बरोबर नेत जा, घरात बसून बसून त्यांचं डोकं फिरेल."

दोघांना एकमेकांच्या राखणीला बसवून लेक आपला साइटवर निवांत. बापावर गेलाय.

मग तिला मदत करायची मी ठरवलं. उंचीची भीती मला ठाऊक आहे, परांचीवर आयुष्य काढलंय. आमचा नियम साधा, खाली बघायचं नाही. मी तिला तो नियम दिला. दुसऱ्या दिवशी ती उतरणीच्या तोंडाशी आली, मान वर केली, आभाळाकडे बघत सुटली आणि रस्ता सोडून थेट बाजूच्या झुडपात शिरली. काट्याचं झुडूप. गुरुजींनी तिला बाहेर ओढली आणि विचारलं, आभाळात काय होतं? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर मला सल्ले द्यायची बंदी झाली. फक्त कोकम.

दिवाळी जवळ आली. एका सकाळी घरी चहा पिताना सून म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी गाऱ्हाणं घाला ना."

मी कप खाली ठेवला.

देशावरच्या लोकांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटते. आमच्या मालवणी मुलखात गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेली साद. नारळ ठेवायचा, घरातल्या किंवा गावच्या जाणत्याने उभं राहून देवाला खड्या आवाजात सगळं सांगायचं: काय पाहिजे, कोण आडवा येतो, कोणाला बाजूला कर. आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." ते 'व्हय' नसेल तर गाऱ्हाणं लागत नाही. एकट्याने बोललेलं देव ऐकत नाही, त्याला वाटतं माणूस बडबडतोय.

आमच्या घरी गाऱ्हाणं मी घालायचो आणि 'व्हय म्हाराजा' बायको म्हणायची. मी इथे कॅम्पात होतो तेव्हासुद्धा. वर्षाची राखण, म्हणजे राखणदार देवाला द्यायचा मान, असली की शुक्रवारी सुट्टीला फोन लावायचा. तिने तिकडे देवासमोर फोन धरायचा आणि मी इकडे कॅम्पातल्या कार्डाच्या फोनवर, रांगेच्या तोंडाशी उभा राहून गाऱ्हाणं. मागे दहा जण खोळंबलेले, कार्डावरची मिनिटं पळतायत, म्हणून मी एका दमात सगळं उरकायचो. ती मध्येच म्हणायची, "देवाक जरा श्वास घेवक द्या." मग म्हणायची, "व्हय म्हाराजा."

दर गाऱ्हाण्यात माझं एक मागणं ठरलेलं. तिचा गुडघा दुखायचा, तरुणपणापासून. म्हणून शेवटी मी म्हणायचोच, "हिच्या गुडघ्याक बळ दी म्हाराजा." ती कधी कधी वैतागायची. "जल्मभर माझो गुडघोच मागतास. माका गुडघ्याशिवाय दुसरा काय नाय काय?"

आणि देवाने ऐकलं. मी कायमचा गावी परतलो त्यानंतर तिचा गुडघा बरा झाला. टुणटुणीत. बाजारातून चालत यायची, मी मागे. मग एक दिवस काळजाने दगा दिला. काळजाचं कोणी देवाला सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलात मी तिच्या खाटेशी उभा राहून गाऱ्हाणं घातलं, हळू आवाजात, नर्स रागावेल म्हणून. तिच्या तोंडात नळी होती. 'व्हय' म्हणता येईना, तिने बोट हलवलं. ते बोट देवापर्यंत पोचलं नाही. तेव्हापासून त्याचं आणि माझं बोलणं बंद आहे. त्याने गुडघा दिला, तो घेऊन मी काय करू?

हे सगळं मी सुनेला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "इथे परमुलखात उघड्यावर देवाचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही."

"हळू घाला."

"गाऱ्हाणं हळू? देव काय बाजूच्या फ्लॅटात राहतो?"

"मग पुलाखाली घाला. तिथे कोण ऐकतंय?"

"आणि 'व्हय' कोण म्हणणार?"

"मी म्हणते ना."

"एकट्या बाईच्या आवाजाने देवळातली पालसुद्धा हलत नाही."

ती ऑफिसच्या तयारीला उठली. मला वाटलं, विषय संपला. चहाही गार झाला होता, तो तसाच प्यायलो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेवटची सकाळ. त्यानंतर गुरुजी सुट्टीवर जाणार होते. आम्ही पोचलो तर सगळे पुलाखाली गोळा झालेले. गुरुजी आणि ते चार जण, पायांत चाकं, हातांत काठ्या, अर्धवर्तुळ करून उभे. मध्ये रस्त्याच्या कडेला नारळ. आमच्या घराखालच्या दुकानातला, मी ओळखला. शेंडी नीट वरच्या बाजूला.

"हे काय?"

सून म्हणाली, "यल्ला बाबा. सुरू करा."

गुरुजींनी हेल्मेट काढलं. ते बघून बाकीच्यांनीही काढलं. गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "हुय माराजा."

मी म्हटलं, "अजून माझं काही झालं नाही. आधी मी बोलायचं."

"ते आठवडाभर पाठ करतायत," सून म्हणाली. "ऑफिसात लिफ्टमध्येसुद्धा."

आता सांगा, साहेबाचा साहेब हेल्मेट काढून उभा राहिल्यावर नाही कसं म्हणायचं? आंबोळ्या खाल्ल्यात त्याने माझ्या हातच्या. मी चपला काढल्या. पुलाच्या पोटात आवाज कसा घुमतो याचा मला अंदाज नव्हता.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वेशींच्या म्हाराजा."

"हुय माराजा." पूल दणाणला.

"आज ही तुझी लेकरां गाव सोडून, दर्या सोडून, हय वाळवंटात पुलाखाली उभी हत. काय चूकभूल झाली असात ती पोटात घाल म्हाराजा."

"हुय माराजा."

"ही पोर पायांक चाकां बांधून उतरणीर उभी रवतली. त्या चाकांक ब्रेक नाय. आडवी वाळू, आडवो दगड, आडवो सायकलवालो, जो कोण आडवो येत असात तेका बाजूक कर म्हाराजा."

"हुय माराजा." एक सायकलवाला खरोखरच येत होता. तो घाबरून बाजूने गेला.

"ऑफिसातल्या कोणाची वायट नजर लागली असात तर ती वेशीभायर टाक म्हाराजा."

"हुय माराजा." यात साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

इथवर बरं चाललं होतं. आता शेवट करायचा. आणि इतकी वर्षं शेवटी जे यायचं तेच आलं. मी काही विचार केला नाही, तोंड आपोआप गेलं.

"हिच्या गुडघ्याक बळ दी म्हाराजा."

शब्द सुटल्यावर मला कळलं, मी कोणाचा गुडघा मागितला ते. मग सगळे एकदम म्हणाले, "हुय माराजा." आणि तो आवाज पुलाखालून त्या टोकाला गेला, या टोकाला आला, पुन्हा गेला. इतका वेळ घुमलेलं 'व्हय' माझ्या ऐकण्यात कधी आलं नव्हतं. मी मान खाली घालून चपला शोधत राहिलो. त्या समोरच होत्या.

सून वर चढून गेली. उतरणीच्या तोंडाशी थांबली. खालून ती केवढीशी दिसत होती. गुरुजी आज "नीज" ओरडले नाहीत, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. तिने काठ्या काखेत दाबल्या, गुडघे वाकवले आणि सुटली.

अर्ध्या उतरणीवर ती नेहमी बसायची ती जागा आली. मी डोळे मिटले नाहीत, पण पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. ती जागा गेली. ती उभीच होती. आमच्या समोरून ती सर्रकन निघून गेली. नारळ थोडक्यात वाचला. तोंडाने ती एकसारखी "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" म्हणत होती. थांबायचं अजून शिकली नव्हती, त्यामुळे थांबली नाही. पुलाखालून पलीकडे गेली, उन्हात गेली, चढावर अर्धी चढली, तिथे वेग संपला आणि ती उभी राहिली. मागे घसरली नाही. ते चाक मागे फिरत नाही.

मग ती वळायला गेली आणि पडली.

सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. फिनलंडात विचार सावकाशच करत असावेत. मग म्हणाले, उतरण उभ्याने उतरायचं ठरलं होतं. चढावर पडण्याबद्दल काही ठरलं नव्हतं. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबा. गुड नीज."

नारळ तिथेच फोडला. पाणी गुरुजी प्यायले, खोबरं सगळ्यांना.

घरी येताना सून स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, एक विचारू? सर महिनाभर गुडघे गुडघे म्हणून ओरडले, तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. तुम्ही देवाकडे नेमका माझा गुडघाच कसा मागितला? मला खाली उतरताना तेवढंच आठवत होतं."

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "देवाला माहीत."

तिचा समज आहे तो तिचाच गुडघा होता. असू दे. मागितला कोणासाठी आणि लागला कोणाला, याची उठाठेव आपण कशाला करायची?

आता हिवाळ्यात ती जाणार. शर्यत सुरू व्हायच्या आधी बर्फावरून फोन करणार आहे म्हणे, गाऱ्हाणं फोनवर घालायचं. मी म्हटलं, घालीन, मला सवय आहे. आणि आता कार्डावरची मिनिटंही संपत नाहीत, देवाला श्वास घेऊ देता येईल. गुडघा तर मागीनच. पण या खेपेला तिच्या काळजाचंही सांगून ठेवणार आहे. आपला देव सांगितलं तेवढंच करतो.